पहिली दमास्कस सुरी: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

दमास्कस सुरी करायची म्हणून जो येतो, तो पहिल्यांदा नक्षीबद्दल विचारतो. पिळाची नक्षी कशी येते, शिडीची कशी येते, किती थर लागतात? हे प्रश्न बाजूला ठेवा. नक्षी अगदी शेवटी, रसायनाच्या डब्यात काही मिनिटांत दिसायला लागते. सुरी कामाची होणार की शोभेची, हे त्याच्या खूप आधी ठरून गेलेलं असतं. थर आतून एकजीव झालेत का आणि पाणी देताना, म्हणजे तापलेलं पातं झटकन थंड करून कडक करताना, तापमान बरोबर होतं का, या दोन गोष्टींवर ते ठरतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा जोडाला आणि पाणी देण्याला दिली आहे. मूठ, पॉलिश वगैरे दोन-चार ओळींत उरकलं आहे, कारण त्याची माहिती कुठेही मिळते.

आपण इथे जे घडवणार ते थर जोडून केलेलं दमास्कस, म्हणजे दोन प्रकारचं पोलाद एकावर एक रचून भट्टीत जोडायचं. जुन्या नामांकित तलवारींचं पोलाद वेगळं होतं. ते मुशीत वितळवून तयार व्हायचं, त्याची ख्याती दक्षिण भारतातली, आणि तेलंगणातलं कोनासमुद्रम हे त्याचं एक जुनं केंद्र. थरांच्या दमास्कसची आजची लाट आली ती १९७३ मध्ये अमेरिकेत सुऱ्या घडवणारे बिल मोरान यांनी अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्यावर. इतिहासाची गोडी असेल तर तो जरूर वाचा, पण मुशीचं पोलाद हा नवशिक्याचा प्रांत नाही.

आणखी एक. साध्या, एकाच पोलादाची सुरी अजून केली नसेल तर आधी ती करा. दमास्कसमध्ये चूक कुठे झाली हे कळायला ते साधं काम हाताखालून गेलेलं असावं लागतं.

१. आधी कायदा, मग जागा

शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची सुरी शस्त्रांत मोडते. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. आपलं पातं नऊ-दहा सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद असणार, त्यामुळे काळजी नाही. पण खंजिराच्या, दुधारी आकाराच्या वाटेला जाऊ नका. स्वयंपाकघरात चालेल असाच आकार घ्या.

दुसरी गोष्ट बरेच जण विसरतात. सणावाराच्या, निवडणुकीच्या आगेमागे पोलीस आयुक्तालयाकडून महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी सुरी बाळगायला बंदी असते. गाळ्यातून घरी नेताना पातं पुठ्ठ्यात गुंडाळून, डब्यात बंद करून, बॅगेच्या तळाशी ठेवा. कमरेला लावून ठाण्याच्या लोकलमध्ये चढण्याची हौस महागात पडेल.

आता जागा. फ्लॅटची बाल्कनी, गच्ची, सोसायटीचं पार्किंग, तिन्हीवर काट मारा. घणाचा आवाज, तेलाचा भडका आणि गॅसचा सिलिंडर, यातली एकही गोष्ट सोसायटी खपवून घेणार नाही आणि घेऊही नये. वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे इथे फॅब्रिकेशनचे गाळे भरपूर आहेत. त्यातल्या एखाद्याशी बोलून सुट्टीच्या दिवशी जागा वापरायला मिळते का ते बघा. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, व्हाइस तिथे आधीच असतात, म्हणजे तुमचा अर्धा खर्च वाचतो. मला विचाराल तर पहिल्या वर्षी स्वतःचा गाळा घेण्याच्या फंदात पडूच नका.

जवळ ठेवायचे कागद:

- गाळामालकाची लेखी परवानगी, त्यात भट्टी आणि गॅसचा स्पष्ट उल्लेख
- व्यावसायिक गॅस जोडणीची पावती (गाळामालकाच्या नावावर असेल तरी प्रत)
- पोलादाचं बिल आणि मिळालं तर टेस्ट सर्टिफिकेट
- भंगारातून काही घेतलं असेल तर त्याचंही बिल

गॅसबद्दल दोन शब्द. घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर फक्त स्वयंपाकासाठी असतो, भट्टीला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. घरगुती रेग्युलेटरचा दाब या कामाला पुरत नाही, दाब कमी-जास्त करता येणारा हाय-प्रेशर रेग्युलेटरच हवा. पाइप गॅसला भट्टी जोडायचा विचारही करू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो. म्हणून खिडकी उघडी आहे यावर समाधान मानू नका, शटर पूर्ण वर हवं. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याला वास नसतो. बंद गाळ्यात डोकं जड वाटायला लागलं की आधी गॅस बंद करून बाहेर या, मग कारण शोधा.

२. पोलाद निवडणं

दोन पोलादं हवीत. दोन्ही कडक होणारी, एकाच तापमानाला पाणी धरणारी, पण आम्लात वेगळा रंग देणारी.

काळ्या थरासाठी १०८४ किंवा आपल्याकडचं सी८०, म्हणजे साधारण ०.८ टक्के कार्बनचं साधं पोलाद. चकचकीत थरासाठी १५एन२०. त्यात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास आणि निकेल सुमारे २ टक्के असतं. आम्लात निकेलवाला थर पांढरा राहतो, साधा काळा पडतो. नक्षी म्हणतात ती एवढीच.

इथे सगळ्यात मोठा सापळा आहे. स्वस्तात होतं म्हणून कडक पोलाद आणि माइल्ड स्टील असे थर रचणारे बरेच भेटतील. जोडाच्या तापमानाला कार्बन एका जागी थांबत नाही. थर पातळ असले की काही मिनिटांत तो कडक थरातून मऊ थरात पसरतो आणि सगळीकडे सारखा होतो. अर्धं ०.८ टक्क्याचं आणि अर्धं ०.१५ टक्क्याचं घेतलं तर हातात येतं ते अर्धवट, अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलेलं पोलाद. नक्षी झकास दिसते, धार दोन टोमॅटोंत जाते. निकेल मात्र कार्बनसारखं धावत नाही, जागचं हलत नाही, म्हणून नक्षी टिकते.

एन३१ म्हणजे बेअरिंगचं पोलाद उत्तम असतं, पण त्यातल्या क्रोमियममुळे जोड अवघड जातो. पहिल्या खेपेला नको. ट्रकच्या पाट्यांचं (स्प्रिंगच्या पट्ट्यांचं) पोलाद साध्या सुरीला छान, पण त्यात कार्बन कमी आणि बऱ्याच पाट्यांत सिलिकॉन जास्त असतं, तेव्हा थरांसाठी पहिली पसंती नाही.

कुठे मिळेल? कळंबोलीचा लोखंड बाजार सगळ्यांना माहीत असतो, पण तिथला कारभार टनांचा. दोन फूट पट्टी मागणाऱ्याकडे कोण बघणार? मशीद बंदरची नागदेवी स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या हत्यारांसाठी आणि छोट्या मापाच्या मालासाठी जास्त उपयोगी. रे रोडला उतरून दारूखान्यात भंगार बघता येतं. १५एन२० नवं मिळालं नाही तर लाकडाच्या वखारीत जा आणि मोठ्या आऱ्याचं तुटलेलं पातं मागा. ही पाती पुष्कळदा निकेलच्या पोलादाची असतात, पण सगळीच नसतात. ठिणगी बघून निकेल ओळखता येत नाही. खात्री करायची तर पात्याचा तुकडा आणि सी८० चा तुकडा दोन्ही घासून स्वच्छ करा आणि फेरिक क्लोराइडमध्ये (शेवटी नक्षी उठवायला वापरायचं तेच आम्लधर्मी रसायन) दहा मिनिटं शेजारी-शेजारी बुडवा. पात्याचा तुकडा रुपेरी राहिला आणि दुसरा काळवंडला तर माल घ्या. दोन्ही काळे झाले तर ते पातं सोडून द्या.

जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका. त्याचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

३. अवजारं

ऐरण नवी घ्यायची तर खिसा रिकामा होतो. म्हणून लोक रुळाचा तुकडा शोधतात. भंगारवाला तो देतोही, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, बिल नसेल तर हात लावू नका. त्यापेक्षा शंभर मिलिमीटर चौरस, चारशे मिलिमीटर लांब असा भरीव ठोकळा घ्या आणि लाकडी ओंडक्यात उभा बसवा. वजन एकतीस किलोच्या पुढे भरतं. छोट्या सुरीला एवढी ऐरण पुरेशी आहे.

बाकी यादी: एक किलोचा आणि दीड किलोचा हातोडा, चवडीच्या जाडीची पकड असलेली सांडशी, तारेचा ब्रश, चुंबक, कानशी, अँगल ग्राइंडर, जमलं तर बेल्ट ग्राइंडर. तापमानासाठी के-टाइप थर्मोकपल (भट्टीत ठेवून ताप मोजायची तार) आणि डिजिटल मीटर. हे मीटर चैनीचं समजून टाळू नका, हातोड्याइतकंच ते गरजेचं आहे.

भट्टीचं कवच म्हणून जुना सिलिंडर कापायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. आत उरलेल्या गॅसचा स्फोट होऊ शकतो, शिवाय एलपीजीचा सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचा असतो. आठ इंची पाइपचा तुकडा घ्या, आत सिरॅमिक वूलचे एक-एक इंचाचे दोन थर लावा आणि त्यावर रिफ्रॅक्टरी सिमेंटचा लेप द्या. लेप न देता उघडी वूल ठेवली तर तिचे तंतू श्वासावाटे आत जातात. तळाला हाय-ॲल्युमिनाची वीट ठेवा, कारण जोडताना वापरायचा टाकणखार (बोरॅक्स) वितळून खाली गळतो आणि वूल खाऊन टाकतो.

अंगावर सुती कपडे, पायात चामड्याचे बूट. पॉलिएस्टरचा टी-शर्ट ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. डोळ्यांना भट्टीत बघण्यासाठी शेड ३ चा चष्मा, कानात बोळे, घासताना धुळीचा चांगला मास्क. जवळ पावडरचा अग्निशामक आणि तेलाच्या डब्याला बसणारं लोखंडी झाकण. तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही, झाकण टाकायचं.

४. चवड रचणं

सी८० च्या तीन मिलिमीटर जाडीच्या पाच पट्ट्या आणि १५एन२० च्या दीड मिलिमीटरच्या चार, सगळ्या १२० बाय ३० मिलिमीटर. बाहेरच्या दोन्ही बाजूंना सी८० येईल अशा एकाआड एक रचा. चवड एकवीस मिलिमीटर जाड होते आणि वजन सहाशे ग्रॅमच्या जवळ जातं. सुरीच्या मानाने हे खूप वाटेल. पण खपली (तापलेल्या पोलादावर हवेने येणारा काळा थर) निघून, कडा कापून, घासून यातलं बरंच जातं, आणि लहान चवड ऐरणीवर ठेवताच थंड पडते.

प्रत्येक पट्टीच्या दोन्ही बाजू घासून लख्ख करा. कारखान्यातून आलेली काळी पापुद्री, गंज, मार्करची खूण, बोटाचं तेल, काही राहता कामा नये. घासल्यावर ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी वेल्ड करा. पावसाळ्यात हे अक्षरशः पाळा. खाडीकाठच्या हवेत घासलेली पट्टी रात्रभर उघडी राहिली तर सकाळी तिच्यावर तांबूस झाक आलेली असते.

चवड व्हाइसमध्ये घट्ट आवळून दोन्ही टोकांना आणि बाजूंना मधे-मधे वेल्ड मारा. एका टोकाला बारा मिलिमीटरची सळई वेल्ड करा, तीच तुमची मूठ. सळई नुसती चिकटवू नका, चारही बाजूंनी भरून घ्या. लाल चवड सळईवरून सुटून पायाशी पडणं हा या कामातला सर्वांत वाईट प्रसंग.

५. जोड

भट्टी आधी वीस-पंचवीस मिनिटं तापू द्या. आतली भिंत पिवळी दिसायला लागली की चवड घाला. तिचा रंग गडद लाल झाला की बाहेर काढा, ब्रशने झटकन खपली काढा आणि टाकणखार सगळ्या फटींवर शिवरा. किराणा-औषधी दुकानात सवागी म्हणून मिळतो तोच. मात्र त्यात पाणी असतं आणि तापल्यावर तो फुगतो, म्हणून आधी कढईत भाजून, पाणी उडवून, कुटून ठेवा. ती कढई नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

पुन्हा आत घाला. आता नीट बघा. टाकणखार आधी पांढरा फुलतो, मग बसतो, मग फटींतून पाकासारखा वाहायला लागतो. त्याच्या वाहण्यानेच आतली खपली विरघळून बाहेर पडते. चवड नारिंगीवरून पिवळ्यावर जाते. एका क्षणी तिची कड भट्टीच्या भिंतीत दिसेनाशी होते, दोन्हींचा रंग एक झालेला असतो. पृष्ठभागावर टाकणखाराचे बारीक बुडबुडे धावायला लागतात. तापमान १२०० ते १२५० अंशांच्या दरम्यान असतं. इथे घाई नको. बाहेरचा रंग आला म्हणजे आतला आला असं नाही. चवड दोन-तीन वेळा उलटी करा आणि आणखी काही मिनिटं तशीच मुरू द्या. पण पांढऱ्या फुलबाजीच्या ठिणग्या उडायला लागल्या तर पोलाद जळतंय, लगेच बाहेर.

बाहेर काढल्यावर ऐरणीवर पोचायला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये. पहिले घाव हलके. नवशिक्या इथेच जीव खाऊन मारतो आणि थर घसरतात. मधून सुरुवात करून टोकांकडे जा, म्हणजे वितळलेला टाकणखार बाहेर पिचकारतो. तो अंगावर उडतो, समोर कुणी उभं नको. चवड नारिंगी झाली की थांबा. पुन्हा टाकणखार, पुन्हा पूर्ण ताप, पुन्हा तेच. निदान दोन वेळा जोडाचा ताप द्यायचाच, पहिला लागलाय असं वाटलं तरी.

जोड लागला का, हे दोन खुणांवरून कळतं. चवड थंड होताना बाजूने बघा. सगळीकडे रंग एकसारखा उतरला तर ठीक. एखाद्या थराच्या रेषेवर काळी सावली आधी उतरत असेल तर तिथे पोकळी आहे. दुसरी खूण आवाजाची. आत भेग असलेली चवड घावाखाली भद्द वाजते, एकजीव झालेली खणखणीत.

६. थर वाढवणं

आता चवड लांब ओढा. काम नारिंगी-पिवळ्या रंगात करा, गडद लालवर आली की भट्टीत. थंड होत चाललेल्या चवडीला घाव घातले तर लागलेले जोड उकलतात. लांबी तिप्पट झाली की बाजूंचे वेल्ड ग्राइंडरने पूर्ण काढून टाका, कारण वेल्डिंग रॉडचं पोलाद आत राहिलं तर नक्षीत करडे डाग दिसतात. मग तीन तुकडे करून, बाजू घासून, पुन्हा रचा आणि पुन्हा जोडा.

नऊचे तिप्पट सत्तावीस होतात, पण दोन ठिकाणी सी८० ला सी८० चिकटतं आणि तो एकच थर धरायचा. म्हणजे पंचवीस. पुन्हा एकदा हेच केलं की त्र्याहत्तर. पहिल्या सुरीला एवढे बास. तीनशे-चारशे थरांचा मोह सोडा. प्रत्येक नव्या जोडात बिघाडाची नवी शक्यता असते आणि थर फार बारीक झाले की नक्षी करडी, धूसर दिसते.

पीळ घालायचा तर चवड चौकोनी दांड्यासारखी करून, भरपूर तापवून, व्हाइस आणि पान्ह्याने पिळता येते. पहिल्या खेपेला पिळू नका. हाताच्या घावांनी थर जसे लहरतात तशीच नक्षी राहू द्या, मला ती जास्त आवडतेही.

७. आकार देणं

चवड चार मिलिमीटरपर्यंत सपाट करा, टोक घडवा, मुठीत जाणारी शेपटी ओढा. धारेची बाजू चेपली की पातं वर वळतं, म्हणून आधी ते उलट दिशेला थोडं वाकवून घ्यायचं. बाकी रूप ग्राइंडरवर. पाणी देण्याआधी पाठ तीन मिलिमीटर आणि धार साधारण एक मिलिमीटर जाड ठेवा. धार त्याहून पातळ केली तर तेलात वाकडी होते किंवा तडकते. शेपटी आणि पातं मिळतात तिथला कोपरा काटकोनात ठेवू नका, गोलाई द्या. बहुतेक भेगा तिथूनच सुरू होतात.

८. पाणी देण्याची तयारी

जोडाच्या तापमानाला राहून पोलादाचा कण मोठा झालेला असतो. तसंच पाणी दिलं तर पातं कडक होईल, पण काचेसारखं तुटेल. म्हणून आधी तीन वेळा तापवून उघड्या हवेत थंड करायचं: पहिल्यांदा ८७० अंश, मग ८१५, मग ७६०. दर खेपेला रंग पूर्ण काळा होईपर्यंत थांबा. ऐरणीवर टेकवून ठेवू नका, एका बाजूने लवकर थंड होऊन पातं वळतं. शेपटीला तार बांधून टांगा.

याच चवडीची कापलेली कड जपून ठेवलेली असू द्या. तिलाही हेच तीन ताप द्या, पुढचं पाणी द्या आणि व्हाइसमध्ये धरून तोडा. तुटलेला भाग मऊ करडा, मखमली दिसला तर कण बारीक झालाय. रवाळ, चमचमणारा दिसला तर पुन्हा तीन ताप. पात्यावर प्रयोग करण्याआधी तुकड्यावर केलेला बरा.

९. पाणी देणं

पाणी देणं म्हणत असलो तरी या पोलादाला पाणी वापरायचं नाही. पाण्यात ते फार वेगाने थंड होऊन तडकतं. तेल घ्या. गाडीचं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं, पण त्यात काय-काय मिसळलेलं असतं ते धुरातून तुमच्या छातीत जातं. क्वेंचिंग ऑइल मिळालं तर उत्तम, नाहीतर कनोला किंवा सोयाबीन रिफाइंड. निदान पाच लिटर, उभ्या लोखंडी डब्यात, ५० अंशांपर्यंत गरम केलेलं. थंड तेल घट्ट असतं आणि पात्याची उष्णता हळू ओढून घेतं. गरम केलेलं तेल पातळ होऊन पात्याभोवती नीट फिरतं.

लक्ष्य ८०० ते ८१५ अंश. मफल फर्नेस (तापमान ठरवता येणारी बंद भट्टी) असेल तर तिथे पाच-दहा मिनिटं ठेवा आणि काम सोपं. गॅसच्या भट्टीतच करायचं असेल तर आत एक बंद तोंडाचा लोखंडी पाइप ठेवा, त्याच्या पोटात पातं आणि थर्मोकपल. ज्योत थेट लागत नाही, ताप सारखा बसतो.

गाळ्यातला दिवा बंद करा. ७७० अंशांच्या आसपास पातं चुंबकाला चिकटायचं सोडतं. अनेक जण तिथेच तेलात बुडवतात, ती घाई होते. थोडं थांबा आणि पात्याच्या अंगावर बघत राहा. लाल पात्यात गडद सावल्या हलताना दिसतात, धारेकडून पाठीकडे सरकतात. पोलाद आतून बदलत असताना उष्णता शोषून घेतं, म्हणून त्या सावल्या. शेवटची सावली पाठीत विरली आणि सगळं पातं एकाच रंगाचं झालं की आणखी थोडा ताप आणि बाहेर. उजेडात हे दिसत नाही, आणि रंग ओळखणाऱ्या जुन्या लोहाराच्या खोपटात अंधार का असतो तेही यावरून कळतं.

तेलात पातं सरळ उभं, टोक खाली, एका दमात. आत गेल्यावर धारेच्या दिशेने पुढे-मागे हलवा, आडवं कधीच नाही, नाहीतर वाकतं. दहा-बारा सेकंदांनी काढा आणि लगेच डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघा. पातं अजून गरम असतं, त्या मिनिटभरात हातमोजा घालून हळू दाबलं तर थोडा बाक निघतो. एकदा थंड झाल्यावर दाबाल तर दोन तुकडे हातात येतील.

धारेवर कानस ओढा. ती घसरली, चावली नाही, तर पाणी बसलं. चावली तर वरची कार्बन उडालेली कातडी थोडी घासून पुन्हा बघा. तरीही चावली तर तिन्ही ताप देऊन नव्याने पाणी द्या.

हे सगळं बाहेरून करून घ्यायचं असेल तर टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात आणि वागळे इस्टेटमध्ये हीट ट्रीटमेंट करणारे आहेत. तिथला सापळा असा की तुमचा एक तुकडा ते दुसऱ्या कुणाच्या मालाबरोबर टाकतात. तो माल डाय स्टीलचा असेल तर भट्टी हजार अंशांच्या वर असते आणि तुमच्या पात्याची वाट लागते. चलनावरच लिहून द्या: ८१५ अंश, तेलात, टेम्परिंग (ठिसूळपणा कमी करायला नंतर दिलेला मंद ताप) २०० अंश, दोन-दोन तास दोनदा, कठीणपणा ५९ ते ६१ एचआरसी (रॉकवेल मापावर). आणि रॉकवेल चाचणीचा आकडा लिहून मागा.

१०. टेम्परिंग

पातं हाताला सोसेल इतकं थंड झालं की लगेच. उद्या करू म्हणून ठेवलेलं पातं रात्री आपोआप तडकलेलं सापडू शकतं. तेल पूर्ण धुवून पुसा, नाहीतर ओव्हनमधून धूर निघेल आणि घरात भांडण होईल.

२०० अंश, दोन तास. खोलीच्या तापमानाला आणा. पुन्हा दोन तास. घरचा ओटीजी चालतो, पण त्याच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, वीस-तीस अंश खाली-वर सहज होतं. ट्रेमध्ये वाळू भरून पातं त्यात पुरा आणि शेजारी वेगळा थर्मामीटर ठेवा. घासलेल्या जागी फिकट गवती पिवळा रंग आला पाहिजे. जांभळा-निळा दिसला तर पाणी उतरलं.

११. घासणं आणि नक्षी

दोन्ही बाजूंनी वरची कातडी काढा, तिच्यात कार्बन कमी असतो. या टप्प्यानंतर ग्राइंडरवर पातं उघड्या हाताने धरा आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. हाताला चटका बसेपर्यंत तापलं तर थांबा. नंतर पॉलिश पेपर २२० पासून ८०० पर्यंत, लांबीच्या दिशेने. आडवे ओरखडे राहिले तर आम्लात ते नक्षीपेक्षा ठळक उठतात.

फेरिक क्लोराइड ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सर्किट बोर्डसाठी मिळतं. द्रावण असेल तर एक भाग त्याला तीन भाग डिस्टिल्ड पाणी. पावडर असेल तर पाण्यात थोडी-थोडी टाका, पावडरवर पाणी ओतू नका, ते भयंकर तापतं. भांडं म्हणून खालून बंद केलेला पीव्हीसी पाइप.

पातं ॲसिटोनने पुसून दहा मिनिटं टांगा. काढा, पाण्याखाली धरा, २००० च्या पेपरने काळी साय हलकेच पुसा, पुन्हा बुडवा. तीन-चार फेऱ्या. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून आम्ल मारा. थरांच्या रेषेवर एखादी बारीक काळी भेग दिसली आणि ती धारेपर्यंत पोचत असेल तर ते पातं वापरू नका. पाठीकडे असेल तर चालतं.

वापरलेलं द्रावण गटारात ओतू नका, आणि उघडा डबा गाळ्यात ठेवू नका. त्याच्या वाफेने गाळामालकाची सगळी हत्यारं गंजतील आणि पुढच्या वेळी जागा मिळणार नाही.

१२. मूठ, धार, निगा

शिसवीच्या दोन फळ्या, पितळी पिना, चोवीस तासांत सुकणारा इपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारा नको, तो मुंबईच्या दमटपणात सुटतो. मुठीला जवसाचं तेल. धार दर बाजूला पंधरा ते वीस अंशांवर, आधी १००० च्या आणि मग ३००० च्या दगडावर.

हे पोलाद गंजतं. लिंबू, कैरी, टोमॅटो कापून सुरी सिंकमध्ये टाकली तर तासाभरात डाग पडतात. कापलं की धुवा, पुसा, औषधाच्या दुकानात मिळतं ते लिक्विड पॅराफिन बोटाने फिरवा. चामड्याचं म्यान दिसायला छान, पण जून ते सप्टेंबर त्यात सुरी ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पात्यावर ठिपके उठतात. त्या चार महिन्यांत तेल लावून, कागदात गुंडाळून खणात ठेवा.